ऑक्टोबरात लिहायची उन्हाळ्याची बातमी

सिल्लोड तालुक्यात पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर अंगाला पडलेलं पाणी वाघूर नदीत उतरतं, लेण्यांच्या कड्याला वळसा घालून जळगाव जिल्ह्यात जातं आणि तापीतून अरबी समुद्र गाठतं. रांगेच्या दक्षिणेला, पठारावर पडलेलं पाणी खेळणेत आणि पूर्णेत येतं. पूर्णा भोकरदनकडून बुलढाणा जिल्ह्यात शिरते, तिथे तिला खडकपूर्णा म्हणतात. पुढे जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाशी ती अडते आणि शेवटी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे निघते. एकाच तालुक्यावर एका रात्रीत झालेला पाऊस जळगाव शहराला पाणी देणाऱ्या वाघूर धरणातही भर घालतो आणि पार परभणीच्या वाटेवरच्या येलदरीतही. हे ज्या वार्ताहराला नकाशावर बोट फिरवून दाखवता येतं, त्याने पाण्याच्या पत्रकारितेची पहिली पायरी चढली असं मी मानतो.

नव्याने काम करू लागलेले बहुतेक जण ही पायरी वगळतात, आणि त्याचा परिणाम बातमीत लगेच दिसतो. ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की जिल्ह्याच्या पानांवर जायकवाडीच्या टक्क्यांचे मथळे सुरू होतात. छत्रपती संभाजीनगर शहराची तहान त्या धरणावर भागते, तेव्हा ते मथळे आवश्यकच आहेत. पण जायकवाडी भरतं नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या पावसावर. वरच्या धरणांतून पैठणला पाणी कधी आणि किती सोडायचं, यावर दोन प्रदेशांत वर्षानुवर्षं वाद चालला, त्यासाठी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला २०१४ साली आदेश काढावा लागला आणि २०१६ साली उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. या सगळ्या लढाईत सिल्लोडचा ओढा कुठेच नाही. सिल्लोडचं पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, जात नाही आणि नाथसागराचा कालवा सिल्लोडकडे येत नाही. सिल्लोड शहराचं पाणी पालोदजवळच्या खेळणा मध्यम प्रकल्पातलं. तालुक्यातला दुसरा मध्यम प्रकल्प अजिंठा-अंधारीचा. बाकी सारा भार लघु तलावांवर, पाझर तलावांवर आणि विहिरींवर. ‘जिल्ह्याची चिंता मिटली’ असा मथळा ज्या दिवशी छापून येतो, त्या दिवशी तालुक्यातल्या शिवना किंवा आमठाणा गावच्या विहिरीत काय आहे, हे त्या मथळ्यातून अजिबात कळत नाही.

जमीन पाहून पाण्याचा अंदाज घेण्याची विद्या जुनी आहे, आणि तिचं एक प्रसिद्ध उदाहरण याच खेळणेच्या काठी घडलं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असई गावापाशी, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांची फौज उभी होती. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं की इथे नदीला उतार नाही. त्याने समोर पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर होती. एवढ्या जवळच्या गावांना एकमेकांकडे जायला वाट असणारच, असा तर्क करून त्याने तिथेच शोध घ्यायला लावला आणि उतार सापडला. ती लढाई मराठ्यांनी गमावली. सेनापती शत्रूचा होता, तरी त्याची नजर घेण्यासारखी आहे. गावठाण इथेच का वसलं, जुनी बारव कुठे आहे, गावाची पांढरी उंचावर आणि मळे खालच्या अंगाला का, देवळापाशी भर उन्हाळ्यातही ओल का टिकते, या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही कार्यालयात मिळत नाहीत. ती गावातल्या जुन्या माणसांकडे आणि विहीर खोदणाऱ्यांकडे असतात.

विहीर खोदणाऱ्यांची भाषा तर शिकावीच लागते. आपला मुलूख काळ्या दगडाचा, लाव्हारसाच्या थरांवर थर चढून बनलेला. वर माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या तर कुठे घट्ट काळा पाषाण, मधूनच लालसर गेरूचा पट्टा. पाणी राहतं मुरमात, मांजऱ्याच्या भोकांत आणि दगडाच्या फटींत. घट्ट पाषाणात थेंब मुरत नाही. म्हणून एका बांधाच्या अलीकडची विहीर मार्चमध्येही चालते आणि पलीकडची दिवाळीलाच तळ दाखवते. ‘आमच्या विहिरीला पाच परसांवर मांजऱ्या लागला’ असं कुणी सांगितलं तर त्यात पूर्ण भूशास्त्र आहे. ते ऐकून वहीत लिहिता आलं पाहिजे, आणि वाचकाला समजावूनही देता आलं पाहिजे.

आता आकड्यांकडे वळू. पाण्याच्या बातमीत सर्वाधिक घोळ इथेच होतो. धरणाचे टक्के बहुतेकदा उपयुक्त साठ्याचे असतात. कालव्याच्या दरवाज्याच्या पातळीखाली जे उरतं तो मृतसाठा. पाणी त्या पातळीखाली गेलं की आपल्याकडे ‘प्रकल्प जोत्याखाली गेला’ असं लिहितात. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे जवळपास १०३ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा २,१७१ दलघमी आणि मृतसाठा ७३८ दलघमी. म्हणजे जायकवाडी शून्य टक्क्यांवर आलं तरी त्यात २६ टीएमसी पाणी असतं आणि पंप लावून ते शहरांना देता येतं. तालुक्यातल्या एखाद्या लघु तलावाचं शून्य मात्र खरंच शून्य असतं, तिथे गाळ आणि भेगा उरतात. दोन्ही ठिकाणी अहवालात ‘०’ हाच आकडा छापलेला असतो. वार्ताहराने तो तसाच उतरवला तर वाचकाची दिशाभूल होते, आणि ती कोणी मुद्दाम केलेली नसते हे जास्त वाईट.

एककांचंही तसंच. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ दलघमी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. साडेअकरा हजारांहून थोडा जास्त क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला तर एक टीएमसी पाणी जातं. साठ्याचा आकडा आणि वाहण्याचा वेग या दोन गोष्टी वेगळ्या, त्या एका वाक्यात मिसळू नयेत. आणि हे हिशेब पाठ करण्यापेक्षा दर वेळी कागदावर करून पाहावेत, कारण चूक दशांशचिन्हात होते आणि छापून आल्यावर ती हजारपट दिसते.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. पाण्याची बातमी आपण चुकीच्या महिन्यात लिहितो. एप्रिल-मे आला की कोरडी विहीर, हंड्यांची रांग, दोरीने खाली उतरणारी बाई, तडकलेली जमीन, ही छायाचित्रं येतात. ती खोटी नसतात. पण तोवर करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. टँकर मागायचा आणि पावसाची वाट पाहायची, एवढंच हाती राहतं. त्या मे महिन्याची बातमी सहा-सात महिने आधी सरकारी कागदावर आलेली असते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचं राज्य सरकारचं खातं आहे. त्यांनी राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे आणि प्रत्येक क्षेत्रात काही निरीक्षण विहिरी ठरवल्या आहेत. या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजतात: पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. पावसाळ्यानंतरची नोंद मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. जिथे पाऊस सरासरीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त तुटला आहे आणि भूजलही खाली गेलं आहे, त्या गावांची यादी संभाव्य पाणीटंचाईच्या अहवालात येते. पातळी तीन मीटरपेक्षा जास्त घसरली असेल तर टंचाई ऑक्टोबरपासूनच धरतात, दोन ते तीन मीटर घसरली असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून. एप्रिलमध्ये कोणत्या गावाचा घसा कोरडा पडणार, हे दिवाळीच्या सुमारास नावानिशी लिहून ठेवलेलं असतं.

हा अहवाल जिल्हा कार्यालयातून मागून घेणं आणि त्यातली आपल्या तालुक्याची पानं घेऊन गावोगाव जाणं, हे काम एका माणसाला सहज जमण्यासारखं आहे. गावात जाऊन विचारायचं काय? सरपंचांना आणि ग्रामसेवकांना हा कागद माहीत आहे का. पाणीपुरवठ्याच्या विहिरीत आज किती पाणी आहे. शेजारच्या शेतात रब्बीला काय पेरलंय. मागच्या वेळी टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला होता. स्वतः एक मोजपट्टी आणि तिला बांधायला वजन बरोबर ठेवावं. पातळी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी मोजावी, मोटार बंद होऊन किती वेळ झाला ते लिहावं, आणि पुढच्या वेळी त्याच ठिकाणी, कठड्याच्या त्याच दगडापासून मोजावी. तीच ती विहीर ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात पाहिलेल्या वार्ताहराच्या वहीत जी बातमी असते, ती राजधानीतल्या कोणत्याही वृत्तवाहिनीकडे नसते.

त्याच सुमाराला जिल्हाधिकारी कार्यालयाचा टंचाई कृती आराखडा तयार होतो. त्याचे तीन टप्पे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. आराखड्यात उपायही ठरलेले असतात: बुडक्या घेणं, विहिरी खोल करणं आणि गाळ काढणं, खासगी विहिरी अधिग्रहित करणं, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, नव्या विंधन विहिरी, जुन्यांची दुरुस्ती, रखडलेल्या योजना लवकर पुऱ्या करणं आणि शेवटी टँकर. माझा आग्रह असा की आराखडा वाचताना आधी टँकरच्या रकान्याकडे जाऊ नये. आधी नळयोजनेच्या दुरुस्तीचा रकाना पाहावा. डिसेंबरात एक पंप आणि थोडी जलवाहिनी दुरुस्त झाली असती, तर एप्रिलमध्ये त्या गावाला टँकर लागला नसता, अशी गावं शोधली की सापडतात. अशा एका गावाची बातमी टंचाईच्या दहा छायाचित्रांपेक्षा जास्त काम करते, कारण ती वेळेत छापता येते.

धरणातल्या पाण्याचीही वाटणी याच दिवसांत ठरते. पावसाळा संपल्यावर प्रकल्पातला साठा किती, त्यातला पिण्यासाठी किती राखायचा आणि सिंचनाला किती आवर्तनं द्यायची, हे पाणी आरक्षणाच्या आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत ठरतं. खेळणेच्या पाण्यावर शहर आणि लाभक्षेत्रातलं शेत, दोघांचाही हक्क आहे. या बैठकीचं इतिवृत्त मिळवावं, नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. २००५च्या कायद्यानं तीस दिवसांची मुदत दिली आहे. अर्जात ‘पाणीटंचाईबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की हाती काही लागत नाही. कोणत्या तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त, कोणत्या गावाच्या कोणत्या महिन्याच्या टँकरचं लॉगबुक, असं नेमकं मागावं.

दुष्काळ जाहीर होतो तेव्हा वार्ताहराची खरी कसोटी लागते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सिल्लोडच्या उत्तरेचा सोयगाव तालुका होता आणि पूर्वेचा भोकरदनही. मधला सिल्लोड नव्हता. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांपैकी एकाला सवलती आणि दुसऱ्याला नाही, असं चित्र झालं की गावात एकच प्रश्न विचारला जातो, आणि ‘राजकारण’ हे त्याचं तयार उत्तर असतं. तसं असेलही. पण आधी पद्धत समजून घ्यावी लागते. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि मधला खंड पाहतात, मग उपग्रहावरून पिकाची हिरवळ, जमिनीतली ओल, पेरणीचं क्षेत्र आणि जलसाठे, आणि शेवटी तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून पिकाच्या नुकसानीचं सत्यमापन करतात. या साखळीतल्या कोणत्या कडीला आपला तालुका गळाला, हे शोधणारी बातमी लिहिली तर तिला उत्तर द्यावं लागतं. नुसता ‘अन्याय’ लिहिला तर निवेदनं येतात आणि विषय संपतो.

त्यानंतर दहाच दिवसांनी, १० नोव्हेंबर २०२३ रोजी, राज्याने आणखी १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. निकष होता जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस. मोजण्याचं एकक तालुक्यावरून मंडळावर आलं. अजिंठ्याच्या घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस आठ-दहा मैलांवर नुसतं भुरभुरून जातो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तालुक्याच्या सरासरीत ते बुडून जातं. म्हणून सिल्लोडच्या वार्ताहराने तालुक्याची सरासरी छापू नये. मंडळनिहाय आकडे छापावेत, आणि पर्जन्यमापक नेमका कुठे बसवलाय, तो झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला तर नाही ना, हेही एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची वाट मोकळी होते. तेव्हा या यंत्राच्या जागेवर लोकांचा पैसा अवलंबून असतो.

आता एक हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं शिवार हजार हेक्टरचं धरलं आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर, तर त्या शिवारावर ६०० कोटी लिटर पाणी पडलं. आपल्या दगडी मुलखात त्याचा दहाव्या हिश्शाच्या आसपास भाग जमिनीत मुरतो, म्हणजे साठ कोटी. गावाची वस्ती दोन हजार धरली आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला लागतात चार कोटी लिटर. मुरलेल्या साठातले चार. पाऊस निम्म्यावर आला तरी तीसातले चार. मग पिण्याच्या पाण्याला टँकर का लागतो?

या प्रश्नाचं उत्तर शेतात आहे, आणि ते लिहिताना फार सांभाळून लिहावं लागतं. सिल्लोड तालुका मिरचीचा. मे महिन्यात, विहिरींचं पाणी सर्वांत खाली असताना, ठिबक आणि मल्चिंग पेपर अंथरून इथे मिरचीची लागवड होते, कारण लवकर निघालेल्या तोड्याला शिवना-आमठाण्याच्या बाजारात भाव मिळतो. ही लागवड म्हणजे त्या घराची वर्षाची कमाई आहे, मुलांची फी आहे, उधारीची फेड आहे. त्या शेतकऱ्याला पाणीचोर ठरवणारी बातमी मला कधीच पटलेली नाही. पण गावाच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर रातोरात बोअर घेणाऱ्या गाडीचा आवाज ऐकूनही गप्प बसणं, हेही पत्रकाराचं काम नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३च्या कायद्यानेच बंधन आणलं होतं. २००९चा भूजल कायदा २०१४पासून लागू झाला, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आज बोअर किती फुटांवर गेली, हे कोणत्याही पारावर विचारा, सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पुढे असतो. कायदा आणि पार यांच्यातलं हे अंतर, ते कोणी राखायचं होतं, तक्रार कोणाकडे करायची होती आणि तिचं काय झालं, हा बातमीचा विषय आहे. मिरचीचे भाव लिहिणारा वार्ताहर आणि पाण्यावर लिहिणारा वार्ताहर इथे एकच असायला हवा. बाजार समितीतली आवक मे महिन्याच्या विहिरींशी जोडून वाचली की दोन्ही बातम्यांना अर्थ येतो.

टँकरची बातमी शेवटी लिहावीच लागते, तेव्हा ती नीट लिहावी. टंचाईत माणशी रोज २० लिटर हा निकष आहे. गावाची लोकसंख्या १,८०० असेल तर ३६ हजार लिटर लागतील, म्हणजे बारा हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. दोनच खेपा झाल्या तर माणशी तेरा लिटर. आराखड्यात मंजूर खेपा किती, लॉगबुकात किती, जीपीएसच्या नोंदीत किती आणि गावातल्या बायकांनी मोजलेल्या किती, हे चार आकडे शेजारी शेजारी मांडले की वेगळं भाष्य करावं लागत नाही. टँकर कुठून भरतो, भरण्याच्या ठिकाणी वीज किती तास असते, पाणी विहिरीत ओतल्यावर टीसीएल पावडर टाकतात का, हेही पाहावं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरात २०१८ साली पाणी संपण्याची वेळ आली तेव्हा तिथल्या प्रशासनाने माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, आणि अगदीच नळ बंद करावे लागले तर रांगेत उभं करून माणशी २५ लिटर देण्याची तयारी केली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या २५ लिटरच्या शक्यतेवर पानं भरली. ती वेळ तिथे आली नाही. आपल्या टंचाईग्रस्त गावासाठी २० लिटर हा कागदावरचा नेहमीचा निकष आहे आणि तो पूर्ण झाला तरी आपण बातमीत ‘दिलासा’ लिहितो.

त्या २० लिटरची वाटणी गावात सारखी होत नाही. टँकर कोणत्या विहिरीत रिकामा होतो, तिथून तांड्याचं आणि वस्तीचं अंतर किती, दलित वस्तीचा नंबर कधी लागतो, हे प्रश्न विचारल्याशिवाय परतू नये. महाराष्ट्रात पाण्याची पत्रकारिता आणि समतेचा लढा एकत्र चालत आले आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. तळ्याच्या पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न रस्त्यावर मांडणारा माणूसच त्याची बाजू छापण्यासाठी संपादक झाला होता. गावकुसातल्या चार जणांशी बोलून लिहिलेली टंचाईची बातमी त्या परंपरेला शोभत नाही. छायाचित्राचंही तेच. विहिरीत उतरलेल्या बाईचा फोटो घ्यायचा तर तिला विचारून, आणि तिला वरचेवर उतरायला लावून मुळीच नाही. तिचं पाण्यावर जे म्हणणं आहे ते तिच्या शब्दांत घ्यावं. घरातल्या पाण्याचा हिशेब तिलाच सर्वांत अचूक माहीत असतो.

योजनांच्या उद्घाटनाच्या बातम्यांना जागा लवकर मिळते, त्यांच्या परिणामांच्या बातम्यांना मिळत नाही. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२०मध्ये विधिमंडळात आला. गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम झाला नाही, असं त्याने नोंदवलं. त्यावर मोठा वाद झाला. अशा वादात तालुक्याच्या वार्ताहराला कोणाची बाजू घेण्याची गरज नसते. आपल्या तालुक्यातले नाले, बंधारे आणि खोलीकरणाची कामं त्याला पाहता येतात. बंधाऱ्याच्या वर गाळ किती साचला, खालच्या विहिरीत फरक पडला का, कामाच्या मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय, एवढं सांगितलं तरी मुंबईतल्या वादाला जमिनीवरचा पुरावा मिळतो.

हे सगळं एकट्याने शिकायचं नाही. आपल्या जिल्ह्यातच १९८० साली स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी आहे. तिथे अनेक वर्षं शिकवलेले प्रदीप पुरंदरे यांनी सिंचनाचे कायदे, जललेखा आणि धरणांच्या कारभारावर मराठीत सातत्याने लिहिलं, आणि राज्याच्या एकात्मिक जल आराखड्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. १९९३ सालचा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळवणाऱ्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाचा १९९९चा अहवाल आजही संदर्भासाठी उघडावा लागतो. त्यात महाराष्ट्राची खोऱ्यांप्रमाणे मांडणी आहे. सिल्लोडच्या वार्ताहराने त्यातली गोदावरी आणि तापी ही दोन्ही खोरी वाचायला हवीत.

बातमी छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी टँकर सुरू होतो, अधिकारी पाहणीला येतात, कधी पंप दुरुस्त होतो. तिथेच थांबलं की पुढच्या वर्षी तीच बातमी त्याच गावातून पुन्हा लिहावी लागते. ते टाळण्यासाठी वहीत गावाच्या नावापुढे चार रकाने आखावेत: पाणीपातळी, आराखड्यात मंजूर काम, प्रत्यक्ष झालेलं काम, त्याची तारीख. ऑक्टोबरच्या अहवालात ज्या गावांची नावं आली होती, तिथे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात परत जावं. तेव्हा आराखड्याचा दुसरा टप्पा नुकताच सुरू झालेला असतो, रब्बीचा मका आणि गहू उभा असतो, आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा गाळ काढायला, पंप बदलायला अजून तीन महिने हातात असतात.